अण्णांनी गुंडाळलेली तार

मित्रांनो, आज कशातच मन लागत न्हाई.

आमचे वडील, अण्णा, गेल्यापासून आई रोज त्यांनी स्वतः बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर भजनं ऐकायची. तिला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून धाकट्या भावानं आज हौसेनं दोन मोठे स्पीकर आणले आणि जुन्यांसोबतच जोडले. आवाज वाढला, आई खुदकन हसली आणि तेवढ्यात अ‍ॅम्प्लिफायरमधून धूर निघाला.

नवीन जालना भागातला मेकॅनिक म्हणाला, "हा आठ ओमसाठी बनवलेला हाय. चार स्पीकर एकत्र जोडले की ओम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी होतो अन् करंट वाढतो. ट्रान्सफॉर्मर जळाला. त्यातली जुनी तार काढून नवी गुंडाळावी लागंल."

ती तार अण्णांनी हातानं गुंडाळल्ती.

भाऊ रडून राह्यला. आई त्याला म्हणाली, "माझ्यासाठीच केलंस ना बाळा? राहू दे. बंद तर बंद, पण त्यांची तार काढू नका."

तुम्ही काय केलं असतं?