मोजून येऊ म्हणाले बाबा: तुवालूतले पाच दिवस

कॅनबराच्या गुंगालिन उपनगरातल्या आमच्या घरात फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला एक फॉर्म होता. तुवालूला जायचं ठरलं ते त्याच्यामुळे. फॉर्म बाबांच्या कायमच्या व्हिसाचा. आठवडाभर बसून मी तो पूर्ण भरला होता: जन्मगाव, नोकरी, आजारपणं, गेल्या तीस वर्षांतले पत्ते. राहिली होती फक्त त्यांची सही. आई जाऊन दोन वर्षं झाली, बाबा कराडच्या फ्लॅटमध्ये एकटे, आणि मी इथे कॅनबरात एका सरकारी खात्याची कॉन्ट्रॅक्टर म्हणून लोकांचे ऑनलाइन फॉर्म चालते ठेवते. त्यामुळे स्वतःच्या बापाचा एक फॉर्म भरणं मला काही जड गेलं नाही.

बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. रोज सकाळी दूध काढायला फ्रिजपाशी यायचे, फॉर्म वाचायचे, दूध घेऊन जायचे. आमच्या नऊ वर्षांच्या ईराने एकदा सरळ विचारलं, "आजोबा, सो आर यू स्टेइंग फॉरएव्हर?"

"आधी चहा घेतो," बाबा म्हणाले.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार होते. छत्तीस वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यातले बांध मोजले, म्हणजे मुख्यतः एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांच्या मध्ये टेप धरून उभे राहिले. निवृत्त झाले तरी कराडात आजही कोणी ना कोणी नकाशाची सुरळी घेऊन त्यांचं दार वाजवतं. गुंगालिनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमचं बॅकयार्ड मोजलं, कुंपण हद्दीच्या वीतभर आत आहे हे शोधून काढलं आणि ते शेजारच्या ग्रेगला सांगायला निघाले. मी अडवलं. त्यानंतर त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही.

मग एका संध्याकाळी त्यांना टीव्हीवर तुवालू दिसलं. "मनू, अख्खा देश सव्वीस चौरस किलोमीटर. आमच्याकडे एका गावाचा शिवार यापेक्षा मोठा असतो. जाऊ या. मोजून येऊ."

"जाऊ या, पण परत आल्यावर सही," मी म्हणाले.

"आल्यावर बघू."

याला मी होकार समजले. मराठी माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा काय म्हणतो, हे परदेशात राहून विसरायला होतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सिडनीहून फिजी, आणि फिजीहून पंख्याच्या छोट्या विमानाने फुनाफुती, म्हणजे तुवालूची राजधानी. तिकडची विमानं आठवड्यातून मोजकीच, त्यामुळे मध्ये एक-दोन मुक्काम सुटे ठेवा. आईवडलांना नेत असाल तर त्यांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा परत आत येऊ देणारा आहे ना, ते आधी तपासा. तिथे चलन आपलाच ऑस्ट्रेलियन डॉलर, पण रोख न्या, कार्डावर विसंबू नका. तिकिटांचा खर्च युरोपइतका येतो आणि बघण्यासारखं काय आहे असं विचाराल तर एक रस्ता आहे. निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "एवढ्या पैशात लोक पॅरिसला जातात." तो ईराला घेऊन घरी राहिला.

विमानातून देश दिसला तो कापलेल्या नखासारखा, एका बाजूला खवळलेला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला लगून, म्हणजे बेटांनी वेढलेलं शांत, पोपटी पाणी. बाबा खिडकीला नाक लावून म्हणाले, "रुंदी किती असेल?" उतरायच्या आधी खाली भोंगा वाजतो आणि धावपट्टीवरची माणसं, कुत्री, स्कूटर सगळी बाजूला होतात. विमान गेलं की संध्याकाळी तिथेच व्हॉलीबॉल. गावातली सर्वांत मोठी सपाट जागा ती, आठवड्यात विमानं इनमिन चार, मग उरलेला वेळ ती अडवून ठेवायची कशाला, असा साधा हिशोब. बाबांना तो फार पटला.

गेस्टहाउसची मालकीण लोसा आम्हाला घ्यायला चालत आली, कारण गेस्टहाउस विमानतळासमोरच होतं. पन्नाशीची, कानामागे फूल, पायात क्रॉक्स. तिच्याकडे जेवण रोज एकच: ताजा ट्यूना, भात, नारळ आणि पुलाका नावाचा अळकुडीचा थोरला भाऊ. भाजी हवी असेल तर ठरलेल्या दिवशी पहाटे भाजीबागेपाशी रांग लावा, नाहीतर मेथकूट सोबत न्या. आम्ही नेलं होतं. लोसाने ते ट्यूनावर भुरभुरलं, आणि आम्ही ते तसंच खाल्लं.

दुसरा दिवस आम्ही राजकारणाला दिला. फुनाफुतीत विमानतळ, सरकारी इमारत आणि बँक बघायला अर्धा तास पुरतो, तोही बाबा प्रत्येक पाटी वाचतात म्हणून. बाकीचं संध्याकाळी लोसाने सांगितलं: राजा इंग्लंडचा, तो लांब. इथे संसदेत सोळा सभासद, आठ बेटांचे दोन-दोन, आणि पक्ष एकही नाही.

"पक्षच नाहीत?" बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मग लोक फुटतात कशातून?"

मी भाषांतर केलं. लोसा मासा साफ करत म्हणाली, "फुटतात की. त्यासाठी पक्ष कशाला लागतो? दोघं-तिघं उठून पलीकडे बसले की नवा पंतप्रधान."

बाबांचं समाधान झालं. कुठेही गेलं तरी माणूस सारखाच, म्हणाले.

पण त्यांना खरं हलवलं ते पुढच्या गोष्टीने. समुद्र वर येतोय, हे आपण बातम्यांत ऐकतो. इथे भरतीला तो अंगणातल्या जमिनीतून बुडबुडे काढत येतो. म्हणून या लोकांनी राज्यघटनेतच लिहून ठेवलंय की जमीन पाण्याखाली गेली तरी देश कायम राहील. बाबांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "जमीन गेली तरी उतारा चालू. आमच्याकडे उलटं असायचं. जमीन जागेवर आणि उतारा गहाळ."

तिसऱ्या दिवशी लोसाची स्कूटर भाड्याने घेतली, बाबा मागे बसले, आणि आम्ही एकुलत्या एक रस्त्याने उत्तरेला निघालो. घरं विरळ होत जातात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागतं. अशा एका जागी बाबांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. मी थांबले. त्यांनी पिशवीतून टेप काढली. तीस मीटरची, कापडी, कातडी डबीतली. ती त्यांनी कराडहून कॅनबराला आणि कॅनबराहून इथे आणली होती, हे मला तेव्हा कळलं.

"शून्य धर," ते म्हणाले. मी लगूनच्या काठावर शून्य धरून उभी राहिले, ते समुद्राकडे चालत गेले. टेप अर्ध्यात संपली. छत्तीस वर्षं टेप संपली की जे केलं तेच त्यांनी केलं: पायाशी एक दगड उचलला आणि खूण म्हणून नीट रोवला.

दोनच मिनिटांत जवळच्या दोन्ही घरांमधून माणसं बाहेर आली. एका घरातून टाविटा नावाचे सत्तरीचे गृहस्थ, दुसऱ्यातून त्यांची चुलतबहीण. दोघांचा जमिनीवरून जुना वाद, हे आम्हाला नंतर समजलं. त्या क्षणी दिसलं ते एवढंच, की बाई दगडाकडे बघून हसतायत आणि टाविटा हसत नाहीयेत.

"तुम्हाला कोणी पाठवलं?" टाविटांनी विचारलं.

"कोणी नाही. आम्ही कॅनबराहून आलोय," मी म्हणाले. आणि विश्वास बसावा म्हणून पुढे जोडलं, "मी तिथे सरकारसाठी काम करते."

याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं. ऑस्ट्रेलिया आणि तुवालूचा करार झालाय, त्यात दरवर्षी दोनशे ऐंशी लोकांना सोडतीने तिकडे कायमचं राहता येतं. माणसं तुम्ही नेणार, आता जमीनही मोजायला आलात, असं टाविटांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दहा-बारा लोक जमले. बाई सगळ्यांना सांगत होत्या की दगड अगदी बरोबर जागी पडलाय, सरकारी माणसाला कळतं.

बाबांना इंग्रजी बेताचंच येतं, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. ते शांतपणे मधे आले, वाकून दगड उपटला, होता तिथे परत ठेवला आणि हात जोडले. "यांना सांग," मला म्हणाले, "ही मोजणी कोणी धरायची नाही. मी पाहुणा आहे, रुंदी बघत होतो. आणि लगतचा माणूस हजर नसताना मी टेप उघडली. नोकरीत हे कधी केलं नाही. माझी चूक."

मी सांगितलं. टाविटांनी मला विचारलं, "तो हेच काम करायचा?"

"छत्तीस वर्षं."

"मग चहा घ्या," टाविटा म्हणाले, आणि चुलतबहिणीलाही बोलावलं. ती येताना बिस्किटं घेऊन आली. भांडण होतं, पण बिस्किटं वेगळी.

त्यांच्या घरासमोर, दारापासून चार पावलांवर, फरशी बसवलेली एक कबर होती, वर पत्र्याचं छोटं छप्पर. इथे आपली माणसं अंगणातच पुरतात. टाविटांची बायको. ते रोज संध्याकाळी तिच्याशेजारी चटई टाकून बसतात. बाबांनी चपला काढल्या आणि तिथेच मांडी घातली.

मी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही सोडतीत नाव दिलंय?"

"मी नाही दिलं. मुलगी ब्रिस्बेनला असते, तिने तिकडून फोनवर भरलं. माझं नाव निघालं."

"मग जाणार?"

"मुलगी म्हणते, पाणी वाढतंय, ये. पाद्री म्हणतात, प्रार्थना करा. शेजारी म्हणतात, नशीबवान आहेस." त्यांनी कप खाली ठेवला. "मला अजून कोणी विचारलेलं नाही."

मी हे भाषांतर करून सांगितलं. मधेच थांबता आलं असतं, पण बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी ऐकलं आणि फक्त मान हलवली. माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने ते मराठीतच टाविटांना म्हणाले, "आमची संगमावर गेली. मी रोज संध्याकाळी जातो." टाविटांना शब्द कळला नसेल, पण त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आईच्या अस्थी आम्ही प्रीतिसंगमावर सोडल्या होत्या. बाबा रोज संध्याकाळी तिकडे चालत जातात हे मला माहीत होतं. गुडघ्यांसाठी जातात असं मी धरून चालले होते. फॉर्ममध्ये तब्येतीच्या रकान्यात मी तसंच लिहिलंही होतं: रोज चालणे, पंचेचाळीस मिनिटे.

चौथ्या दिवशी दोन्ही चुलत भावंडांना समोरासमोर बसवून बाबांनी जमिनीचा कच्चा नकाशा काढला. वाद मिटला नाही, तो मिटवायला तिथे जमिनीचं कोर्ट आहे. पण दोघांनी एकच कागद दोन्हीकडून धरून पाहिला, आणि बाबांच्या मते निम्मं काम तेवढंच असतं. पाचव्या दिवशी भोंगा वाजला, व्हॉलीबॉल थांबला, आम्ही निघालो. टाविटा विमानतळावर आले होते. त्यांनी शिंपल्यांची माळ बाबांच्या गळ्यात घातली.

सिडनीला विमानतळावर तपासणीत टेप अडली. ऑफिसर मुलीने कापडाच्या वळ्या बघून विचारलं, "एनी सॉइल ऑन दिस, मेट?"

मी भाषांतर करायच्या आत बाबा म्हणाले, "यस. होल सातारा डिस्ट्रिक्ट."

तिने ती पुसून परत दिली, नो वरीज म्हणाली, आणि माळही बघून सोडली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध काढायला गेले. फॉर्म जागेवर होता. सहीच्या चौकटीत पेन्सिलीने, छत्तीस वर्षं शेरे लिहिलेल्या अक्षरात, लिहिलं होतं: 'अर्जदार मोजणीच्या वेळी हजर नव्हता. फेरमोजणी व्हावी.'

मी आधी हसले. मग फ्रिजचं दार उघडंच ठेवून रडले, इतकी की ते टिंटिं वाजायला लागलं. मला भीती वाटत होती की एक दिवस कराडहून फोन येईल आणि तो त्यांचा नसेल. म्हणून मी सगळं भरून टाकलं होतं, विचारलं तर ते नाही म्हणतील म्हणून न विचारता.

बाबा आले, दार लावलं, चहा ठेवला. मी ऑफिसला आज लॉगिन करत नाही असं कळवलं, कोऱ्या फॉर्मची नवी प्रिंट काढली आणि त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, तुम्हाला यायचंय का इथे?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "कधी वाटतं यावं. ईरा आहे. कधी वाटतं, तिथे संध्याकाळी कोण जाईल." मग फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. "विचार एकेक."

"गेल्या तीस वर्षांतले पत्ते. पहिला?" मी पेन उघडलं.

"लिहू नकोस," बाबा म्हणाले. "आधी ऐक."

पहिला पत्ता पाटणच्या भाड्याच्या खोलीचा होता, आणि तो सांगून व्हायला दुपार झाली. त्यात आई होती, गळकी मोरी होती, मला न सांगितलेलं एक भांडण होतं. बाबा आता कराडला परत गेलेत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पुढचा पत्ता सांगतात, ईराही मधूनमधून येऊन ऐकते. तीन पत्ते झालेत. फॉर्म अजून कोरा आहे, आणि टेप ते माझ्याकडे ठेवून गेलेत.