पाचव्या महिन्यातली गाठ

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पंचवटीतल्या एका शाळेत शिकवत होते, नवरा ओझरला विमानांच्या कारखान्यात होता. पाचवा महिना चालू होता. अंघोळ करताना डाव्या स्तनात चिंचोक्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं.

"दूध उतरायची तयारी असंल," सासूबाई म्हणाल्या. मलाही ते खरं वाटलं. सगळं अंगच नवं, परकं झालं होतं. त्यात एक गाठ काय!

डॉक्टरीणबाईंनी मात्र सुई घालून तपासणी केली. रिपोर्ट आला तेव्हा त्या आधी पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "कॅन्सर आहे."

"आणि बाळ?" नवऱ्याने विचारलं.

"बाळ ठीक आहे. दोघांनाही सांभाळता येईल. पण ऑपरेशनला थांबून चालणार नाही."

बाहेर रिक्षा उभ्या होत्या, एक बाई हार गुंफत बसली होती. सगळं पाण्याखालून बघावं तसं दिसत होतं. नवरा काहीतरी बोलत होता आणि तेवढ्यात आत बाळ हललं, माशाने शेपटी फिरवावी तसं. पहिल्यांदाच. मी रस्त्यात थांबून राहिले.

घरी सासूबाई हळूच म्हणाल्या, "आधी तू जगली पायजे. पोराचं मागून बघू." त्यांनी ते मायेने म्हटलं होतं. मी मान हलवली नाही.

भूल चढताना मला सासरचा, निफाडचा द्राक्षमळा दिसला. मांडवाखालचा तो हिरवा उजेड, आणि मी त्यातून चालते आहे, पाय जमिनीला न लागता. लांबून कुणीतरी म्हणालं, "ठोके चांगले आहेत." कुणाचे, ते विचारायचं होतं, पण जीभ उचलेना. शुद्धीवर आले तेव्हा डाव्या बाजूला पट्ट्या होत्या आणि पोट तसंच होतं, गोल, उबदार.

पुढे सलाईनमधून औषध सुरू झालं. केस उशीवर राहू लागले. दुपारभर मी गुंगीत पडून असायची. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकायचं आणि आत बाळ आपल्याच नादात लाथा मारायचं. त्याला माझ्या दुखण्याची काही खबर नसावी, असं वाटून मला बरं वाटायचं.

मुलगी थोडी लवकर झाली. डोकंभर काळं जावळ, आणि मी टकली. उपचार पुढे चालू राहणार होते, म्हणून तिला अंगावर पाजायला मनाई होती. निफाडहून थोरल्या जाऊबाई आल्या, कडेवर स्वतःचं सहा महिन्यांचं पोर घेऊन.

"दे इकडं. मला लय दूध हाय," असं म्हणून त्यांनी तिला पदराखाली घेतलं.

चुटुचुटु आवाज येऊ लागला. मी भिंतीकडे तोंड केलं.

"तिकडं नको वळू," जाऊबाई म्हणाल्या. "इकडं ये. तिचा पाय धर."

मी वळले. तिचा पाय धरला. बोटाएवढा पाय, पिताना लयीत हलणारा. मग मी रडले. जाऊबाईंनी थोडं सरकून मला जागा करून दिली.

उपचार संपायला बराच काळ गेला. पण ते संपले, आणि गाठ पुन्हा आली नाही. मुलीला चालता येऊ लागल्यावरही झोपायला तिला माझी डावी, सपाट बाजूच लागायची. तिथे कान लावून ती लगेच झोपायची. तिथून काळीज जवळ ऐकू येत असेल.