आमच्या वन्सं आणि शरूचे प्रश्न

आमच्या वन्संएवढं भांडखोर माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचं नाही. जिल्ह्याचं नाव बदललं, वन्सं काही बदलल्या नाहीत. ह्यांची ही थोरली बहीण पुणतांब्याहून आमच्याकडे संगमनेरला येते, ती हातात पेरूंची पिशवी आणि तोंडात कंडक्टरशी अर्धवट राहिलेला वाद घेऊनच. शिर्डीला गाडी बदलताना चहा गार म्हणून परत करतील, आणि गरम होऊन आला की "आता जीभ पोळवता का?" म्हणून नव्याने सुरुवात करतील. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या येणार म्हटलं की मला हटकून माहेरची आठवण यायची. आता मीच फोन करून बोलावून घेते. कारण माझी लेक, शरू.

शरू आता नऊ वर्षांची आहे. शून्याच्या अलीकडे काय असतं, हे तिने शाळेत जायच्या आधीच विचारलं होतं. मोठाली गणितं ती जेवता जेवता तोंडी सोडवते. पण हातात पेन्सिल दिली की दोन ओळींत घामाघूम होते, अक्षरं रेघ सोडून पळतात. मोठा आवाज तिला सोसत नाही, कपड्याची शिवण टोचते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुलीची बुद्धी असामान्य आहे आणि लिहिण्याची अडचणही खरी आहे. ही दोन्ही एकाच पोरीत असू शकतात, हे आमच्या नातेवाइकांच्या काही पचनी पडेना. "एवढी हुशार आहे तर लिहायला काय धाड भरलीय?" वन्संना मात्र लगेच कळलं. "एक बैल पळनारा, एक लंगडा. लोक लंगड्यालाच हानत्यात. मंग गाडी उलटंल न्हाईतर काय!"

त्या दिवसापासून त्यांच्या भांडणाला काम मिळालं. मानेला टोचतात म्हणून शरूच्या कपड्यांची लेबलं त्यांनी अडकित्त्याने कापली, आणि हात बसलाच होता म्हणून घरातल्या सगळ्यांची कापली. ह्यांच्या शर्टांचं माप आता कुणालाच माहीत नाही. एका लग्नात शरूने कान झाकलेले दिसले, तर वन्संनी डीजेची वायरच उपटली. नवरदेव घोड्यावर ताटकळला. "पोरीचं कान फुटल्यावर तुमी शिवून देनार हाय का?" म्हणाल्या. शरूच्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं तर मात्र त्यांना मुळीच राग येत नाही. "मला न्हाई ठावं. पन लई झ्याक इचारलंस," म्हणतात आणि पेरू कापायला घेतात.

गेल्या वर्षी शरूचे प्रश्नच बंद झाले. वर्गात नवी रीत आली होती, ज्याला प्रश्न पडेल त्याने तो फळ्यावर लिहायचा. शरू लिहायला गेली आणि सगळा वर्ग हसला. तिने मग विचारणंच सोडलं. रोज सकाळी पोट दुखायला लागलं, नखं कुरतडून बोटं लाल झाली. जेवताना ती गप्प असायची, आणि त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची. "पोर आतून इझत चाललीय," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी चपला घातल्या.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघींचं सगळं ऐकून शांतपणे सांगितलं, "तुमचं म्हणणं लेखी द्या."

"तोंडानं सांगतीय की. ऐकू येतंय ना तुमाला?"

"येतंय. पण तशी पद्धत आहे."

"मंग आमच्या पोरीचं बी ऐकूच येत हुतं! तिला फळ्यावर कशाला धाडली?"

वन्सं खुर्चीत मांडी घालून बसल्या. उत्तर मिळाल्याशिवाय उठायची न्हाई म्हणाल्या, आणि खरंच उठल्या नाहीत. शाळा सुटली, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला. एरवी मी लाजेने मेले असते, पण त्या दिवशी मीही शेजारची खुर्ची ओढली. आम्ही काही भीक मागत नव्हतो. शेवटी वर्गशिक्षिका, अगदी तरुण मुलगी, रडवेली होऊन म्हणाली, "एवढ्या मुलांत मला कसं जमणार, आजी?" वन्संचा आवाज एकदम उतरला. "जमंल गं बाई. तिला नुसतं बोलू दे." शरूला तोंडी विचारायची आणि तोंडी उत्तर द्यायची मुभा मिळाली. लाडाने बिघडवली, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

पण शरू लगेच काही बोलायला लागली नाही. मुभा मिळाली तरी धीर कुठून आणायचा? ती नुसती ऐकत बसायची.

परवा वन्सं आणि मी अंगणात शेंगा फोडत होतो. शरू वन्संना टेकून बसली होती. मध्येच म्हणाली, "आत्या, तू लहानपणी प्रश्न कुणाला विचारायचीस?"

कितीतरी महिन्यांनी मी तिच्या तोंडून प्रश्न ऐकत होते. वन्संची शाळा चौथीतच सुटली, मास्तर त्यांना वेडी म्हणायचे, एवढंच मला ह्यांच्याकडून कळलेलं होतं.

"म्हशीला," त्या म्हणाल्या. "रानात नेली की इचारायची. लई शानी म्हस हुती. समदं ऐकून घ्यायची."

शरूने लगेच विचारलं, "आणि ती मेल्यावर?"

वन्संनी सोललेले दाणे तिच्या हातावर ठेवले.

"मंग भांडाय लागले," त्या म्हणाल्या.