शंकारावांची फ्रेंच शिकवणी

देवाने माणसाला दात दोनदा दिले आणि तिसऱ्यांदा ते काम कवळी करणाऱ्यांवर सोपवलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे मेण वितळवत आणि कानस घासत ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्या कारागिराला सगळे शंकाराव म्हणत. संशय हा त्यांच्या हाडीमाशी खिळलेला. दुधात पाणी असणार, तराजूत खोट असणार, कुणी हसून नमस्कार केला तर त्यामागे काहीतरी काम असणार. देवापुढे दिवा लावला की वात नीट पेटली ना, हे बघायला उंबऱ्यातून परत फिरायचे.

"अहो, त्याच्यावर तरी भरवसा ठेवा," बायको म्हणायची.

"त्याच्यावर आहे गं. काडेपेटीवर नाही."

शंका नव्हती ती फक्त स्वतःच्या हातावर. कवळी बसवली की गिऱ्हाइकाला खुर्चीत ताठ बसवायचं आणि साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचं, ही त्यांची कसोटी. त्या आकड्यांत जिभेची सगळी कसरत होते. शीळ वाजली नाही, खडखड झाली नाही, की काम पास.

फ्रेंचबाईही अशाच पास झाल्या होत्या. भाषांच्या शाळेत त्या फ्रेंच शिकवायच्या. खडाखडा सत्तरपर्यंत मोजून गेल्या आणि आठवड्याने परत आल्या. म्हणाल्या, जेवण होतं, भांडण होतं, फ्रेंच तेवढं होत नाही. मुलं माझ्या तोंडाकडे बघून उच्चार शिकतात आणि हल्ली माझ्यासकट सगळी चुकतात. शाळेच्या मोठ्या बाईंच्या कानावर ते गेलं होतं. पुढच्या सोमवारी त्या वर्गात येऊन बसणार होत्या, आणि ऐकून समाधान झालं नाही तर वर्ग दुसऱ्याकडे जाणार होता. बाई एकट्या होत्या. तो वर्ग हाच त्यांचा संसार.

शंकारावांनी पुन्हा मोजायला लावलं. स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वय झालं, सवय होईल. पण शंकारावांच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. कोपऱ्यावर नवा कवळीवाला आला होता. त्याने तर ही बाई पाठवली नसेल? आपल्या कामाला नावं ठेवायची आणि तीही अशा भाषेत, की कुणाला पडताळाच घेता येऊ नये! ते दुपारी कुलूप लावून भाषांच्या शाळेपर्यंत गेले आणि खिडकीतून डोकावले. बाई खरंच शिकवत होत्या. तरी शंका गेली नाही. शिकवणारी माणसंही खोटं बोलतात.

शेवटी त्यांनी बाईंना स्पष्टच सांगितलं, "मला ते उच्चार शिकवा. मग मी ठरवीन दोष कवळीचा की तुमचा."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. हा माणूस आपल्याला पकडायला येतोय, हे त्यांना कळत होतं. पण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. "या," म्हणाल्या. "पण गृहपाठ करावा लागेल."

दवाखाना बंद झाला की शिकवणी सुरू. बाईंनी पाटीवर इंग्रजी 'e' काढला आणि डोक्यावर उजवीकडे चढणारी रेघ दिली: ओठ ताणून, बारीक 'ए'. तीच रेघ उलटी कलती केली: आता तोंड उघडून, रुंद 'ए'. मग एका अक्षराला टोपी घातली, इंग्रजी 'c'ला खाली शेपटी लावली. शेपटी असली की 'क' म्हणायचा नाही, 'स' म्हणायचा. शंकाराव प्रत्येक चिन्हाकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. शब्दाच्या शेवटची अक्षरं बहुतेक वेळा लिहायची पण बोलायची नाहीत, हे कळल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला.

"काम नाही तर पगारावर कशाला ठेवलीत?"

"तुमच्या अक्कलदाढेसारखी," बाई म्हणाल्या. "असतात."

'र' घशातून गुळणी केल्यासारखा काढायचा होता, तो जमला. अनुस्वार नाकात सोडायचे, तेही जमले. अडलं ते एका 'उ'पाशी. जिभेने 'ई' म्हणायचं आणि ओठांनी 'ऊ' म्हणायचं. ओठांचा असा घट्ट चंबू करायचा, की मध्ये जेमतेम पेन्सिल जावी. शंकाराव घरी आरशासमोर तोच गृहपाठ करत होते, तर मागे बायको उभी.

"कोणासाठी चाललंय हे?"

जन्मभर इतरांवर रोखलेलं बोट आज आपल्याकडे वळलेलं बघून त्यांना घाम फुटला. फ्रेंच शिकतोय म्हणाले, तर तिने हात जोडले, पण त्यांना नव्हे, देवाला.

तिच्या नजरेपेक्षा एक वेगळीच गोष्ट मात्र त्यांना जास्त टोचत होती. चंबू केला की खालचा ओठ पुढच्या दातांवर मागे रेटा देतो. स्वतःचे दात हिरडीत रुतलेले, म्हणून ते हलत नाहीत. पण कवळी? साठपासून सत्तरपर्यंत असा चंबू एकदाही होत नाही. त्यांनी मनातल्या मनात दोनदा मोजून बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं, बॅटरी धरली आणि 'उ' म्हणायला लावलं. खालची कवळी पुढून अलगद उचलली गेली. बाईंनी ती जिभेने दाबून धरली, आणि जीभ त्या कामाला लागल्यावर 'ई' म्हणणार कोण? चेहरा भरलेला दिसावा म्हणून खालचे पुढचे दात शंकारावांनीच जरा बाहेर बसवले होते.

त्यांनी बॅटरी विझवली. संशय घ्यायला समोर दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

"माझा हात चुकला," बाईंची कवळी काढून घेत ते म्हणाले.

बाई कवळीशिवाय काही बोलू शकत नव्हत्या, तेच बरं झालं. शंकारावांनी पुढचे दात कापून काढले, आत घेऊन पुन्हा बसवले, कड पातळ केली.

सोमवारी मोठ्या बाई वर्गात आल्या, तेव्हा शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन शंकारावही बसले होते. 'आता नीट होतंय' या बाईंच्या शब्दावर विसंबून राहणं त्यांना शक्यच नव्हतं. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, ओठांचा चंबू केला. शंकारावांची नजर खालच्या ओठावर. काही हललं नाही. मुलांनी मागोमाग म्हटलं, आणि शंकारावांनीही म्हटलं, जरा मोठ्यानेच.

मोठ्या बाई उठल्या. वर्ग बाईंकडेच राहील, म्हणाल्या. बाईंचा हात टेबलाच्या कडेवर टेकला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हे नुसतं तोंडी, की लिहून देणार?"

मोठ्या बाई वळल्या. हे कोण?

"माझे विद्यार्थी," फ्रेंचबाई म्हणाल्या. "उच्चार बरे आहेत. स्वभावाला औषध नाही."

मोठ्या बाईंनी हसत तिथेच चार ओळी लिहून सही केली. शंकारावांनी शाई वाळेपर्यंत तो कागद कुणाला हात लावू दिला नाही.