झाला का व्यायाम?

तान्हेपणी कानात झालेला पू आत उतरला आणि लेकीच्या जबड्याचा सांधा कवटीला चिकटून एकजीव झाला. शाळेत जायला लागली तरी तिच्या दातांत करंगळी शिरत नव्हती. हनुवटी खुरटलेली. पातळ केलेला घास दातांच्या फटीतून आत ढकलावा लागे. आई लाँड्रीत इस्त्रीला होती. तिने कधी कुरकुर केली नाही.

सर्जनबाईंनी चिकटलेलं हाड कापलं आणि पोरीबरोबर वाढावा म्हणून तिथे बरगडीचा तुकडा बसवला. पट्टी निघाल्यावर पोरीने आ केला, तेव्हा आईने लेकीची जीभ पहिल्यांदा धड पाहिली.

"माझं काम झालं, आता तुमचं," बाई म्हणाल्या. "दातांत लाकडी काड्या घालून रोज तोंड ताणायचं. रडेल, पण थांबायचं नाही. नाहीतर हाड पुन्हा चिकटेल."

पहिले आठ दिवस आईने रजा घेऊन स्वतः काड्या घातल्या; मग ती पुन्हा दिवसभर कामावर. नवरा शाळेची गाडी चालवायचा, दुपारी घरी असायचा. "मी आहे ना," तो म्हणाला. रोज संध्याकाळी ती चपला काढता काढता विचारी, "झाला का व्यायाम?"

"झाला!" बापलेक एका सुरात सांगत.

घास पुन्हा अडायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "सूज असेल गं." तिने मान डोलावली.

तपासणीत बाईंनी बोटाने जबडा चाचपला. "व्यायाम कधीपासून बंद आहे?"

"बंद? रोज होतो!" आई ठामपणे म्हणाली. पोरीने बापाकडे पाहिलं. बापाने खाली.

"तिचं रडणं बघवेना मला," तो पुटपुटला. "वाटलं, आपोआप सुटेल."

"आणि तू गं?" आईने लेकीला विचारलं.

पोर बापाच्या मागे सरकली. "तू दुखवतेस. बाबा नाही दुखवत."

नवऱ्याला वेळप्रसंगी चार शब्द सुनावता आले असते. पण रोज संध्याकाळी दोघं मिळून आपल्याला बनवत होती आणि आपण खुशाल झोपत होतो, हे आईला गिळवेना.

पुन्हा शस्त्रक्रिया झाली. या खेपेला शाळा सुटली की पोर थेट लाँड्रीत यायची. वाफेच्या धगीत आई एका हाताने तिचं डोकं धरी, दुसऱ्याने काड्या सरकवी. पोर तिला ओरबाडायची, "दुष्ट" म्हणायची. आई थांबली नाही.

आज लेक मोठ्याने हसते, मोठे घास घेते. पाहुण्यांना सांगते, "बाबांचा जीव फार हळवा. आई म्हणजे दगड!" सगळे हसतात. बापही हसतो. आई मात्र कपड्यांच्या घड्या घालत राहते.