होडीत कोण बसणार?

त्यांना सगळे कवळीवाल्या बाई म्हणायचे. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली, खिडकीशी टेबल, आणि टेबलावर परक्या माणसांच्या हिरड्यांचे साचे. तीस वर्षं बाईंनी लोकांना दात करून दिले, पण त्या दातांनी हसणारं माणूस क्वचितच पाहिलं. साचा भिंतीतल्या झरोक्यातून आत यायचा आणि तयार कवळी त्याच झरोक्यातून बाहेर जायची. पलीकडे काउंटरवाली बसायची. सहा वर्षांत दोघींचं बोलणं काय, तर "गुरुवारी हवी" आणि "बुधवारी देते". भांडण नव्हतं हो काही! बाई मुळातच कुणाच्या अध्यात ना मध्यात.

घरी आई होती, अंथरुणाला खिळलेली. नऊ वर्षं. पहाटे पाच ते आठ बाई आईच्या ताब्यात असायच्या. अंग पुसायचं, कूस बदलायची, चमच्याने भरवायचं, आणि वर आईची बोलणीही खायची. मग एके दिवशी आई गेली. बाईंनी चार दिवसांची रजा टाकली, अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं आणि पाचव्या दिवशी टेबलावर हजर. धाकट्या भावाला फोनवर जे सांगावं लागलं तेवढंच. बाकी कुणापाशी तो शब्द तोंडातून काढला नाही. कुणी विचारलंही नाही, हे आपलं माझ्याकडून.

पण पहाटे पाचला डोळे उघडायचे ते उघडायचेच. आता करायचं काय त्या तीन तासांचं? दोन महिने बाई छताकडे बघत पडून राहिल्या. मग उठल्या आणि तरणतलावावर नाव घातलं. लहानपणी पोहता यायचं, ते अंगाने लक्षात ठेवलं होतं. लोकांना वाटलं, बाईंना बावन्नाव्या वर्षी शौक सुचला. शौक कसला डोंबलाचा! घरात बसवत नव्हतं.

वर्षभराने तलावाच्या फळ्यावर कागद लागला: मोठ्या सरोवरात दहा किलोमीटरची शर्यत. बाईंनी मास्तरांना विचारलं, याला सराव किती लागतो? मास्तर गळ्यात शिट्टी घातलेले जुने गृहस्थ. त्यांनी आधी बाईंना नखशिखांत न्याहाळलं, मग सांगायला बसले. आठवड्याला शर्यतीच्या दुप्पट पाणी अंगाखालून गेलं पाहिजे, म्हणजे या पंचवीस मीटरच्या तलावात आठशे फेऱ्या. एकदम नाही, चार-पाच महिन्यांत चढत जायचं. शर्यतीआधी एकदा तरी सलग सात-आठ किलोमीटर. आणि इथल्या फेऱ्यांवर भाळायचं नाही, कारण इथे दर पंचवीस मीटरला भिंत भेटते आणि पायाने रेटा मिळतो. सरोवरात भिंत नसते. तिथे जाऊन गार पाण्यात पोहा, मान वर काढून दिशा बघायला शिका, दर अर्ध्या तासाला पोहता पोहता पेज प्यायला शिका.

बाईंनी हे शब्दाला शब्द पाळलं. कवळीत केसाएवढा फरक पडला तर हिरडी सोलते, त्यामुळे काटेकोरपणा हाताला लागलेलाच. पाचव्या महिन्यात आठशे फेऱ्या झाल्या. सुट्टीच्या दिवशी सरोवर. एका रविवारी त्या सलग आठ किलोमीटर पोहल्या, किनाऱ्यावर आल्या, टॉवेल गुंडाळून एकट्याच बसल्या. झालं, असं सांगायला कुणी नव्हतं. बाईंना त्या क्षणी फार पोरकं वाटलं. तरी ही शर्यत पार करायची, एवढं एक त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. दोन वर्षांत दुसरं काही हवंसं वाटलंच नव्हतं.

आणि मग फॉर्म आला. प्रत्येक पोहणाऱ्याच्या बाजूने एक होडी चालणार. होडी आणि नावाडी आयोजक देणार, पण लक्ष ठेवायला होडीत बसणारं माणूस ज्याचं त्याने आणायचं. माणूस नाही, तर पाण्यात उतरायचं नाही.

मास्तरांचे गुडघे होडीत बसण्यापलीकडे गेलेले. भावाला फोन केला, तो आनंदाने हो म्हणाला आणि चार दिवस आधी कामाचं निमित्त सांगून मोकळा झाला. वर म्हणाला, ताई, तुझं कधी कुणावाचून अडलंय का? बाईंनी फोन ठेवला. मग झरोक्यात वाकल्या आणि सहा वर्षांत पहिल्यांदा कवळी सोडून दुसरं काहीतरी बोलल्या. काउंटरवाली आधी दचकली, मग म्हणाली, येते की, त्यात काय!

तिला काम समजावलं. पेज द्यायची, हात ढिले पडतात का बघायचं, आणि मधूनमधून प्रश्न विचारायचा. गार पाण्यात डोकं भ्रमतं आणि पोहणाऱ्याला कळत नाही. म्हणून उत्तर बरोबर येतंय ना बघायचं. एकदा चुकलं तर आणखी एक प्रश्न. तेही चुकलं तर लाल झेंडा वर, शर्यत संपली.

काउंटरवाली ओशाळून म्हणाली, "पण बाई, मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. विचारू काय?"

खरंच होतं ते. तेव्हा बाईंनीच दवाखान्याच्या चिठ्ठीमागे प्रश्न लिहून दिले आणि पुढे उत्तरंही. स्वतःबद्दल लिहायला बसल्या आणि पाचावर गाडी अडली.

शर्यतीच्या दिवशी पाणी अपेक्षेपेक्षा गार निघालं. दुसऱ्या किलोमीटरला, दवाखान्यात किती वर्षं? तीस. पाचव्याला, घर कितव्या मजल्यावर? तिसरा. आठव्याला बाईंचे ओठ निळे पडले होते. काउंटरवालीने पेजेचा पेला दिला आणि चिठ्ठीतला पुढचा प्रश्न वाचला.

"घरी कोण कोण असतं?"

"आई आणि मी," बाई पटकन म्हणाल्या.

काउंटरवालीने चिठ्ठी पाहिली. तिथे बाईंच्याच अक्षरात होतं: मी एकटी. तिचा चेहरा उतरला. नावाड्याने वल्ही थांबवली. तिचा हात झेंड्याकडे गेला, पण एक प्रश्न अजून बाकी होता. तो तिने चिठ्ठीतून वाचला नाही, मनचाच विचारला.

"आई कुठे आहे, बाई?"

बाई पाय हलवत जागेवरच राहिल्या. उत्तर ठाऊक होतं, पण जीभ उचलत नव्हती. काउंटरवालीने झेंडा हातात घेतला, तेव्हा कुठे शब्द फुटला.

"गेली. दोन वर्षं झाली. सकाळी भरवत होते, तेव्हाच गेली. मी कुणाला सांगितलंच नाही."

काउंटरवालीचे डोळे भरून आले. तिने झेंडा खाली ठेवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "चला बाई. दोनच राहिलेत."

बाईंनी तोंड पाण्यात घातलं आणि हात मारला. रडू आवरत नव्हतं, आणि रडत पोहण्याचा सराव काही मास्तरांनी करून घेतला नव्हता.