पांढऱ्या रश्श्याची वाटी

पांढऱ्या रश्श्याला उकळी आली, की मला कोल्हापुरातलं ते इटालियन हॉटेल आठवतं. ताईचं लग्न नुकतंच झालेलं. दाजींनी आम्हाला जेवायला नेलं होतं. पांढऱ्या सॉसमधला कोमट, अळणी पास्ता आला. आपल्याकडं मटणाच्या ताटाबरोबर रस्सा हवा तेवढा वाढतात, त्याच सवयीनं आईनं वेटरपुढं वाटी धरली. "पावणं, पांढरा रस्सा वाढा की अजून!"

दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, असं मागायचं नसतं."

आईनं वाटी खाली ठेवली आणि पुढं एक घासही खाल्ला नाही. तेव्हा मला आईचीच लाज वाटली होती. आज स्वतःची वाटते.

आज दाजी आमच्याकडं जेवायला आलेत. दोन वाट्या रस्सा ओरपून त्यांनी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. भरल्या पातेल्यावर मी झाकण ठेवलं.

"दाजी, असं मागायचं नसतं."